निवाडा शब्दांचा, क्षमा सुरांची

बॉब डिलनचा 'स्लो ट्रेन कमिंग' हा अल्बम ऑगस्ट १९७९ मध्ये आला आणि त्याच्या चाहत्यांत उभी फूट पडली. साठच्या दशकात सत्ताधाऱ्यांना आणि युद्धखोरांना प्रश्न विचारणारा हा कवी-गायक आता बायबल हाती घेऊन जगाचा शेवट जवळ आल्याचं सांगत होता. हा माणूस संपला, असं काहींना वाटलं. याला अखेर सत्य गवसलं, असं इतरांना. दोन्ही पक्ष भांडत होते ते शब्दांवरून. मला हा अल्बम अतिशय प्रिय आहे, पण तो जी मतं मांडतो त्यांतली बरीचशी मला मान्य नाहीत. हे प्रेम मतभेद विसरून जडलेलं नाही, आणि नुसतं संगीत छान आहे म्हणूनही नाही. या अल्बमचे शब्द जगाचा निवाडा करतात; त्याचं संगीत मात्र त्या निवाड्यात सामील होत नाही. तो टिकून राहिला आहे तो या असहमतीमुळे. श्रद्धेचं गाणं मोठं व्हायला एकट्याची खात्री पुरत नाही, त्या खात्रीला उत्तर देणारं कोणीतरी गाण्यातच असावं लागतं. हे मला या अल्बमइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच ऐकू आलं आहे.

आधी श्रद्धेची हकिकत थोडक्यात. डिलन, मूळचा रॉबर्ट झिमरमन, १९४१ मध्ये मिनेसोटातल्या ज्यू कुटुंबात जन्मला. १९७८ च्या थकवून टाकणाऱ्या जगभरच्या दौऱ्यात, नोव्हेंबरमध्ये सॅन डिएगोच्या कार्यक्रमात कोणीतरी रंगमंचावर एक लहानसा चांदीचा क्रूस फेकला आणि त्याने तो उचलून खिशात टाकला. पुढे लवकरच टूसॉनमधल्या हॉटेलच्या खोलीत आपल्याला ख्रिस्ताचं सान्निध्य जाणवलं, असं त्याने नंतर सांगितलं. १९७९ च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळ व्हिनयार्ड फेलोशिप या मंडळीच्या बायबल वर्गात तो काही महिने नेमाने बसला. त्या वर्तुळात हॅल लिंडसे याच्या 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' या १९७० च्या पुस्तकाचा मोठा प्रभाव होता. बायबलमधल्या भविष्यवाण्या आजच्या राजकारणाला लावून अंतिम युद्ध आणि ख्रिस्ताचं पुनरागमन दाराशी आल्याचं ते पुस्तक सांगतं. या शिकवणीत जगाचे दोनच भाग पडतात, तारलेले आणि बुडणारे. डिलनने ती शिकवण जशीच्या तशी गाण्यांत उतरवली.

ही गाणी कोणत्या सुरात बसवायची, हा प्रश्न त्या काळी साधा नव्हता. कॅलिफोर्नियात 'जीझस मूव्हमेंट'मधून नवं ख्रिस्ती संगीत उभं राहत होतं. लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' १९६९ मध्ये आला होता आणि कॅल्व्हरी चॅपलच्या तरुण मंडळीतून गिटारवर म्हणायच्या भजनांची एक शाखाच निघाली होती. हे संगीत बहुतांशी गोऱ्या तरुणांचं, लोकगीतं आणि सौम्य रॉक यांच्या वळणाचं होतं. कृष्णवर्णीय चर्चचं गॉस्पेल शेजारीच होतं. पण त्याची दुकानं वेगळी, रेडिओ वेगळे, श्रोतेही वेगळे. आंद्रे क्राउच यांच्यासारखा एखादाच दोन्हीकडे आपला मानला जाई. व्हिनयार्डशी नातं असलेला आणि त्या वर्तुळात अतिशय लोकप्रिय असलेला कीथ ग्रीन हा गायक डिलनच्या ओळखीचा होता. पुढे १९८० मध्ये त्याच्या अल्बममधल्या एका गाण्यात डिलनने माउथ ऑर्गनही वाजवला. म्हणजे श्रद्धाळू संगीतकारांसह श्रद्धाळू श्रोत्यांसाठी एक श्रद्धाळू अल्बम करणं त्याला सहज शक्य होतं. त्याने ते केलं नाही. तो अलाबामात गेला, आणि निर्माता म्हणून त्याने जेरी वेक्सलरला निवडलं.

या निवडीतच माझा अर्धा युक्तिवाद आहे. वेक्सलर न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबातला, आणि स्वतःच्या म्हणण्याप्रमाणे पक्का नास्तिक. 'बिलबोर्ड' साप्ताहिकात असताना, १९४९ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या संगीताला चिकटलेलं 'रेस रेकॉर्ड्स' हे अपमानकारक लेबल काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव रूढ करणारा तोच. पुढे अटलांटिक कंपनीत त्याने रे चार्ल्स आणि अरेथा फ्रँकलिन यांच्याबरोबर काम केलं. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये भाविकांच्या साक्षीने ध्वनिमुद्रित झालेला अरेथाचा 'अमेझिंग ग्रेस' हा गॉस्पेल अल्बम. त्याच्या निर्मात्यांतही वेक्सलरचं नाव आहे. डिलनने त्यालाही बायबल ऐकवायला सुरुवात केली, तेव्हा बासष्ट वर्षांच्या वेक्सलरने आपण नास्तिक असल्याचं सांगून टाकलं आणि अल्बमच्या कामाला लागू या म्हटलं. हा प्रसंग गमतीने सांगितला जातो, पण मला त्यात एक गंभीर गोष्ट दिसते. श्रद्धा वाटून न घेताही तिच्या गाण्याचं मर्म ओळखता येतं. वेक्सलरने आयुष्यभर चर्चमध्ये घडलेले आवाज ऐकले होते. कोणता सूर खरा लागला आणि कोणता नुसता जोरात लागला, हे कळायला त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागला नव्हता.

डिलन जिथे गेला त्या जागेचाही स्वतःचा इतिहास आहे. टेनेसी नदीकाठच्या मसल शोल्स परिसरात साठच्या दशकापासून सोल संगीताची एक विलक्षण शाळा उभी राहिली. १९६७ च्या जानेवारीत वेक्सलरने अरेथाला तिथल्याच फेम स्टुडिओत आणलं होतं आणि तिच्या गाण्याला तिची खरी वाट तिथे सापडली. तिथल्या चार वादकांनी १९६९ मध्ये फेममधून बाहेर पडून शेजारच्या शेफील्डमध्ये मसल शोल्स साउंड हा आपला स्टुडिओ काढला. बॅरी बेकेट हा त्यांतला कीबोर्डवादक, आणि तोच 'स्लो ट्रेन कमिंग'चा दुसरा निर्माता. याच वादकांच्या साथीने स्टेपल सिंगर्स या गॉस्पेल गाणाऱ्या कुटुंबाने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आपली सर्वांत गाजलेली गाणी केली.

सोल संगीत चर्चमधून निघालं हे सर्वश्रुत आहे. त्याने तिथून काय सोबत घेतलं, हे मात्र नीट पाहायला हवं. थॉमस डॉर्सी हा आधी ब्लूजचा पियानोवादक. १९३२ मध्ये पत्नी आणि नवजात मुलगा गेल्यावर त्याने जे प्रार्थनागीत रचलं, त्यात ब्लूजची वेदना चर्चमध्ये शिरली. १९५४ मध्ये रे चार्ल्सने एका गॉस्पेल गाण्याचा साचा घेऊन त्यात प्रेयसीचं गाणं बसवलं. सॅम कुक चर्चच्या गायनसंघातून बाहेर पडला. उलट अल ग्रीन कीर्तीच्या शिखरावर असताना १९७६ मध्ये मेम्फिसच्या चर्चचा पाळक झाला. ही ये-जा सतत चालू होती. या सगळ्या प्रवासात जे बदललं नाही ते म्हणजे हाक आणि साद. एकजण ओळ टाकतो, बाकीचे ती उचलतात, तिला दुजोरा देतात, कधी सावरून धरतात. गुलामगिरीत आणि त्यानंतरच्या वर्णभेदात ज्यांना कायद्याने माणूस म्हणून मोजलं नाही, त्यांनी ही रीत घडवली. तिच्या मुळाशी एकट्या माणसाला एकटं न सोडण्याची गरज आहे. आपल्या कीर्तनात बुवांचं निरूपण कितीही कडक झालं तरी टाळकरी ध्रुवपद उचलतात आणि सभा पुन्हा एक होते, तसंच हे. म्हणून या संगीतात कोणी प्रवचन आणलं, तर त्याला सभेसमोर उभं राहावं लागतं.

ध्वनिमुद्रण ३० एप्रिल ते ११ मे १९७९ या काळात झालं. पहिला दिवस ओढाताणीचा गेला. सगळ्यांनी एकत्र वाजवून एकाच दमात गाणं मुद्रित करायचं, ही डिलनची सवय. आधी ठेक्याचा पाया घट्ट करून त्यावर एकेक थर चढवायचा, ही वेक्सलरची. शेवटी वेक्सलरची पद्धत बरीचशी मान्य झाली. गिटारवर होता 'डायर स्ट्रेट्स' या बँडचा मार्क नॉफ्लर, ड्रम्सवर त्याचाच सहकारी पिक विदर्स. दोघेही ब्रिटनहून आलेले. बासवर टिम ड्रमंड. सगळी गाणी देवाचीच आहेत हे कळल्यावर नॉफ्लर चकित झाला होता. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट मसल शोल्स हॉर्न्सच्या वादकांचे. साथीला तीन कृष्णवर्णीय गायिका, कॅरोलिन डेनिस, हेलेना स्प्रिंग्ज आणि रेजिना हेव्हिस. यातल्या रेजिनाचे वडील सॅम्युअल मॅकक्रेरी हे नॅशव्हिलचे पाळक आणि फेअरफील्ड फोर या नामवंत गॉस्पेल संघाचे गायक होते. म्हणजे प्रवचन एकाचं, आणि ते तोलून धरणारे हात कुठकुठून आलेले: एक नास्तिक निर्माता, परदेशी रॉक वादक, अलाबामाचे सोल वादक आणि चर्चचं गाणं वारशाने मिळालेली एक मुलगी.

आता गाणी ऐकू. पहिलंच गाणं 'गॉट्टा सर्व्ह समबडी'. यालाच १९८० चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. माणूस कोणीही असो, त्याला कोणाची तरी चाकरी करावीच लागते, सैतानाची किंवा देवाची, एवढाच त्याचा दावा. कागदावर तो अगदी कोरडा वाटतो. मधली जागाच नाही. पण गाणं सुरू होतं ते बेकेटच्या इलेक्ट्रिक पियानोच्या दबक्या, अंधाऱ्या ठेक्यावर. तो ठेका धमकावत नाही, अजिबात घाई करत नाही. डिलन मोठमोठ्या अधिकाऱ्यांपासून केस कापणाऱ्यापर्यंत एकेकाची नावनिशी घेत जातो आणि शेवटी स्वतःच्या टोपणनावांनाही त्याच रांगेत उभं करतो. प्रत्येक कडव्यानंतर बायकांचे आवाज येतात. ते आवाज आरोपीला दोष देत नाहीत. हे आम्हालाही लागू आहे, असं सांगितल्यासारखे येतात. कठोर विधानाचं सामूहिक कबुलीत रूपांतर होतं ते या आवाजांमुळे. जॉन लेननला हे गाणं इतकं खटकलं की त्याने उत्तरादाखल स्वतःचीच सेवा करण्याचा उपदेश करणारं गाणं रचलं. त्याने शब्दांना उत्तर दिलं. ठेक्याला उत्तर देणं इतकं सोपं नव्हतं.

'प्रेशस एंजल' हे श्रद्धेची वाट दाखवणाऱ्या कृष्णवर्णीय मैत्रिणीला उद्देशून आहे. त्यात अविश्वासू मित्रांना भोगाव्या लागणाऱ्या अंधाराची भयंकर वर्णनं आहेत. पण त्याच गाण्यात डिलन तिला आठवण देतो, की आपल्या दोघांचेही पूर्वज गुलाम होते. ज्यू माणसाच्या इजिप्तची आणि कृष्णवर्णीय स्त्रीच्या अमेरिकेची ही भेट मला या अल्बमचं हृदय वाटते. अमेरिकेतल्या गुलामांनी आपल्या प्रार्थनागीतांत मोशेची कथाच स्वतःची मानली होती. इथे त्या कथेचा मूळ वारस त्यांच्या संगीतात परत येतो. नॉफ्लरची गिटार आणि वर चढत जाणारे हॉर्न्स या जागी जो प्रकाश पाडतात, त्यात शेजारच्या कडव्यातली शिक्षा फिकी पडते. ऐकणाऱ्याच्या मनात मुक्तीची बाजू उरते, शिक्षेची नाही.

खुद्द डिलनच्या मनातही हे द्वंद्व होतं, याचा पुरावा 'डू राइट टु मी बेबी' या गाण्यात आहे. या अल्बममधलं हे लोकांसमोर आलेलं पहिलं गाणं. डिसेंबर १९७८ मध्ये, दौऱ्याच्या अखेरच्या कार्यक्रमात त्याने ते गायलं. त्याचा आधार मत्तयच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन: लोकांनी तुमच्याशी जसं वागावं असं वाटतं तसं तुम्ही त्यांच्याशी वागा, आणि कोणाचा न्याय करू नका. नव्या श्रद्धेतून आलेल्या या गाण्याचा विषय निवाडा न करणं हा होता, आणि काही महिन्यांत त्याच्याभोवती निवाड्याची गाणी जमली. संगीत जे सांगत होतं ते त्याच्या ग्रंथातही होतंच. त्याने ते आधी ऐकलंही होतं.

सगळीकडे संगीताची सरशी होते असं मी म्हणणार नाही. 'स्लो ट्रेन' या शीर्षकगीतात तेलाच्या राजकारणावर बोलताना परक्या देशांच्या माणसांविषयी जो तिरस्कार येतो, त्याला कुठलाही ठेका वाचवू शकत नाही. 'व्हेन यू गॉना वेक अप'मध्ये हॉर्न्स बोट दाखवणाऱ्याच्याच बाजूने वाजतात आणि गाणं नुसतं खडसावणं होऊन बसतं. या जागा मला प्रत्येक वेळी खुपतात. पण अल्बम कोणत्या गुणावर उभा आहे हे कळतं ते याच जागांवरून. जिथे सूर शब्दांची री ओढतो तिथे गाणं लहान होतं. जिथे तो शब्दांना आपलं वेगळं काही सांगतो तिथे ते मोठं होतं.

शेवटचं 'व्हेन ही रिटर्न्स' याचा कळस. ख्रिस्त परतेल तेव्हाच अन्याय संपेल, असं सांगणारं हे गाणं डिलनने आधी साथीच्या गायिकांना द्यायचं ठरवलं होतं, असं सांगितलं जातं. नंतर त्याने ते स्वतःच गायलं, फक्त बेकेटच्या पियानोवर. इतरांना जागं करू पाहणारा आवाज इथे स्वतःलाच विचारू लागतो, की खोटं मी आणखी किती काळ ऐकत राहणार. खरखरीत, ताणलेला, जागोजागी तुटायला आलेला तो आवाज आणि त्याच्याखाली चर्चच्या सवयीने चालणारा पियानो. इथे दुसरा कोणी आरोपी उरलेलाच नाही.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागेल. हे सगळं म्हणजे कडू गोळीवरचं साखरेचं आवरण नव्हे का? घातक शिकवण सुरेल करून विकली गेली, तर ते अधिकच वाईट. मला हा आक्षेप इथे लागू वाटत नाही. आवरणाचं काम चव लपवण्याचं असतं. या अल्बममध्ये काहीच लपत नाही. शब्द स्पष्ट, उच्चार ठसठशीत, धमकी उघड. त्याच्या शेजारी उभं असलेलं संगीतही तितकंच उघडपणे वेगळं काही म्हणतं. ऐकणाऱ्याला दोन्ही आवाज एकदम ऐकू येतात आणि निवड त्याच्यावर राहते. प्रचाराचं गाणं ही मोकळीक कधी देत नाही.

माझ्या म्हणण्याची परीक्षा पुढच्याच अल्बमवर होते. फेब्रुवारी १९८० मध्ये डिलन त्याच निर्मात्यांकडे, त्याच स्टुडिओत परतला आणि 'सेव्ह्ड' केला. तिथले शब्द तुलनेने मऊ, कृतज्ञतेचे. संगीत अधिकच गॉस्पेल. तरीही तो अल्बम पहिल्यासारखा पकडत नाही. दौऱ्यावरून थेट आलेली, सगळी एका दिशेने धावणारी मंडळी होती. कोणी कोणाला थांबवत नव्हतं. उलट त्याच महिन्यांतली मंचावरची ध्वनिमुद्रणं २०१७ मध्ये 'ट्रबल नो मोअर' या संचात प्रसिद्ध झाली, त्यांत तीच गाणी पेटलेली आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये नोव्हेंबर १९७९ मध्ये डिलन जुनं एकही गाणं म्हणत नव्हता आणि काही श्रोते हुर्यो उडवत होते. कार्यक्रमाची सुरुवात गायिकांच्या गॉस्पेल गाण्यांनी होई. नाराज सभागृहापुढे उभं राहून त्या बायका डिलनच्या हाकेला साद देत होत्या. स्टुडिओत हरवलेला विरोध मंचावर परत मिळाला होता, आणि त्याबरोबर गाण्यातला प्राणही.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. कृष्णवर्णीय चर्चने घडवलेलं संगीत, वाजवणारे बहुतेक गोरे, आणि मुखपृष्ठावर नाव एका गोऱ्या ताऱ्याचं. अमेरिकी संगीतातला हा अन्याय जुना आहे आणि हा अल्बम त्यापासून मुक्त नाही. माझा सगळा युक्तिवाद ज्यांच्या आवाजावर उभा आहे त्या तीन गायिकांची नावं किती चाहत्यांना ठाऊक असतात? मात्र या प्रश्नाला पुढे एक सुंदर उत्तर मिळालं. २००३ मध्ये डिलनच्या या काळातल्या गाण्यांचा एक संग्रह निघाला आणि तो मुख्यतः गॉस्पेलच्या कलावंतांनी गायला. शर्ली सीझर यांनी 'गॉट्टा सर्व्ह समबडी' गायलं, रान्स ॲलन यांनी 'व्हेन ही रिटर्न्स'. रेजिनाच्या वडिलांचा संघ फेअरफील्ड फोरही त्यात होता. शर्ली सीझर यांच्या तोंडी ते गाणं उसनं वाटत नाही. ते आपल्या घरच्या रीतीत आलेलं वाटतं, आणि तिथे आल्यावर त्यातला एकट्या धर्मांतरिताचा ताठरपणा उरत नाही. संगीत दिलेल्यांनी गाणी स्वीकारली, आणि ती अधिक उदार करून परत केली.

म्हणून श्रद्धेच्या संगीताविषयी माझं मागणं थोडं अवघड आहे. आजचं ख्रिस्ती संगीत हा एक मोठा व्यवसाय आहे. त्यात सोलचे स्वर, गायनसंघ, हॉर्न्स सर्रास वापरले जातात. ते स्वर रंगरंगोटीसाठी घेतले तर काहीच साधत नाही, कारण त्या संगीताची ताकद त्याच्या नादाइतकीच त्याच्या रीतीत आहे: गाणाऱ्याला उत्तर देण्याचा हक्क इतरांना असतो. ज्या गाण्यात विश्वास ठेवणारेच लिहितात, वाजवतात, विकतात आणि ऐकतात, तिथे खात्री वाढत जाते, पण तिची परीक्षा होत नाही. डिलनने, कदाचित नकळत, आपली सर्वांत कडवी खात्री अशा माणसांच्या हवाली केली ज्यांपैकी काहींना ती पटत नव्हती आणि काहींना ती त्याच्यापेक्षा खूप आधीपासून, फार मोठी किंमत देऊन कळलेली होती. त्यांनी ती नाकारली नाही आणि जशीच्या तशी ठेवलीही नाही. तिला माणसांत बसवलं. ज्या श्रोत्याला हे शब्द बुडणाऱ्यांत मोजतात, त्यालाही हे संगीत आत घेतं. माझ्यासारख्या, त्या श्रद्धेच्या बाहेरच्या माणसाला हा अल्बम आपला वाटतो तो या कारणाने, आणि भक्तीच्या कुठल्याही गाण्याला मी हीच कसोटी लावतो: जो पटलेला नाही, त्याच्यासाठी तुमच्या सुरात जागा आहे का?